आधी वजनकाटा, मग कटर : बॉक्स ट्रकला स्लीपर बसवण्याची सविस्तर रीत

अमेरिकेत एखाद्या मोटार कारखान्याची लाइन एका सुट्या भागावाचून अडली, तर तो भाग मोठ्या ट्रेलरची वाट बघत बसत नाही. बावीस-चोवीस फुटी खोक्याच्या ट्रकात दोन-तीन पॅलेट पडतात आणि दोन चालक ट्रक कुठेही न थांबवता ती हजार मैलांवर पोचवतात. एक चालवतो, दुसरा मागे झोपतो. या तातडीच्या मालवाहतुकीला तिथे एक्सपिडायटेड फ्रेट म्हणतात. मागे बिछाना नसेल तर दोन चालकांच्या या कामात शिरताच येत नाही.

कारण कायद्याचं आहे. मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या खिडकीत जास्तीत जास्त ११ तास स्टिअरिंग धरता येतं. चालत्या ट्रकात घेतलेली झोप विश्रांतीत धरायची, तर तिचा मुख्य भाग स्लीपर बर्थमध्येच झाला पाहिजे. स्लीपर बर्थ कशाला म्हणायचं ते केंद्रीय नियमावलीच्या ४९व्या भागात, कलम ३९३.७६ मध्ये इंचांत लिहिलेलं आहे. बिछाना त्या मापात बसला नाही तर लॉगमधले, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीतले, ते सगळे तास बाद होतात आणि रस्त्यावरच्या तपासणीत ट्रक जागेवर उभा राहतो.

त्यामुळे भाड्याच्या ताफ्यातून विकायला निघालेला साधा डे-कॅब (मागे झोपायची जागा नसलेला) बॉक्स ट्रक घ्यायचा आणि त्याला स्लीपर, म्हणजे केबिनमागची झोपायची खोली, जोडायचा, हा मार्ग बरेच जण धरतात. काम होण्यासारखं आहे. पण बहुतेक जण सुरुवात बिछान्यापासून करतात, आणि बिछाना हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. बिघडतं ते वजनात आणि चासीत.

ट्रक निवडताना

दारावरचं लेबल वाचा. एकूण मान्य वजन २६,००० पौंड असेल, म्हणजे साधारण ११,८०० किलो, तर साध्या मालासाठी व्यावसायिक परवान्याशिवाय (सीडीएल) चालतं. २६,००१ झाले की सीडीएल लागतं. त्याच लेबलवर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं वेगवेगळं मान्य वजन असतं, आणि निर्णय त्यावर घ्यायचा. पुढचा अॅक्सल ८,००० पौंडांचा असेल तर तो ट्रक सोडून द्या. कारण पुढे येतं. १०,००० किंवा १२,००० पौंडांचा हवा. अॅक्सल, पाटे, रिम, टायर यांत जे सर्वांत कमी ताकदीचं, तीच त्या अॅक्सलची खरी मर्यादा. नुसते टायर जाड घालून ती वाढत नाही.

नाकवालाच ट्रक घ्या. ज्यात इंजिन बघायला अख्खी केबिन पुढे कलते, त्या चपट्या तोंडाच्या ट्रकला कायदेशीर स्लीपर जोडणं म्हणजे डोकेदुखी. स्लीपर केबिनला पक्का जोडलेला असला पाहिजे, आणि मग तो केबिनबरोबर कलणार कसा?

एअर ब्रेक, मागे एअर सस्पेन्शन आणि साडेबावीस इंची रिम असलेला ट्रक मिळाला तर उत्तम. माल चढवायच्या डॉकची (फलाटाची) उंची साधारण ४८ ते ५२ इंच असते. खोक्याचा तळ त्याच्या आसपास आला नाही, तर प्रत्येक ठिकाणी लिफ्टगेटनेच (ट्रकच्या मागे वर-खाली होणाऱ्या फळीनेच) माल चढवावा-उतरवावा लागेल.

कागदावरचं वजन

ट्रकच्या टाक्या भरा, चालकाला उतरवा आणि अॅक्सलवार आकडे देणाऱ्या काट्यावर ट्रक न्या. समजा २६ फुटी खोक्याचा रिकामा ट्रक पुढे ६,३०० आणि मागे ८,२०० भरला, म्हणजे एकूण १४,५००. आता भर घाला: ७२ इंच खोलीचा स्लीपर १,८००, बॅटऱ्या आणि वातानुकूलन ४५०, चासीची मजबुती ३५०, लिफ्टगेट ८००, दोन माणसं आणि त्यांचं सामान ५००. झाले १८,४००. मालासाठी उरले ७,६०० पौंड. एवढ्या वजनाचे लोड ज्या कंपनीकडून मिळणार आहेत, तिचा किमान आकडा याच क्षणी विचारा. ट्रक कापून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

दुसरा हिशेब अॅक्सलचा. एखाद्या वस्तूचा पुढच्या अॅक्सलवर येणारा भार काढायला त्या वस्तूचं वजन, मागच्या अॅक्सलपासून तिच्या मध्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि व्हीलबेसने, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलमधल्या अंतराने, भागायचं. व्हीलबेस २६० इंच आणि पुढच्या अॅक्सलपासून केबिनची पाठ ६८ इंचांवर धरली, तर ७२ इंची स्लीपरचा मध्य पुढच्या अॅक्सलपासून १०४ इंचांवर, म्हणजे मागच्यापासून १५६ इंचांवर येतो. १,८०० गुणिले १५६ भागिले २६० म्हणजे १,०८०. अठराशेपैकी एक हजार ऐंशी पौंड पुढे गेले. स्लीपरखालच्या बॅटऱ्यांचे २७०, माणसांचे सुमारे ३५०. ६,३०० मध्ये मिळवा: बरोबर ८,०००. खोक्यात अजून एक पॅलेटही चढलेलं नाही आणि आठ हजारांचा अॅक्सल भरला! मजबुतीच्या साडेतीनशेतला पुढचा वाटा तर इथे धरलेलाही नाही. मागच्या टोकाचं लिफ्टगेट पुढचा भार थोडा कमी करतं, पण त्याच्या जिवावर अॅक्सल निवडू नये.

लांबीही आत्ताच मोजा. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत एकसंध ट्रकची कमाल लांबी ४० फूट आहे, आणि हा ट्रक राज्याराज्यांतून फिरणार आहे. बंपरपासून लिफ्टगेटच्या टोकापर्यंतची बेरीज त्यात बसली पाहिजे. रुंदी १०२ इंचांपर्यंत चालते, उंची बहुतेक ठिकाणी साडेतेरा फूट.

स्लीपरला जागा कुठून आणायची

खोक्याच्या पुढच्या भागात आडवी भिंत घालून आत बिछाना टाकायचा, हा सर्वांत स्वस्त विचार आणि सर्वांत जास्त फसणारा. मालाच्या जागेतला बिछाना उरलेल्या जागेपासून पक्का वेगळा केलेला असावा, एवढंच वाचून लोक थांबतात. त्याच कलमात पुढे बिछाना केबिनला लागून आणि केबिनला पक्का जोडलेला असावा, आणि तिथून चालकाच्या जागेत थेट उतरता यावं, असंही म्हटलेलं आहे. खोकं चासीवर बसतं, केबिन रबरावर किंवा हवेच्या बलूनवर. दोन्ही वेगवेगळे हलतात, त्यामुळे खोक्यातला बिछाना केबिनचा भाग होऊ शकत नाही.

दुसरा मार्ग खोकं पुढून आखूड करण्याचा. २६ फुटी खोक्याचे पुढचे ४ फूट काढले की ४८ इंच मोकळे होतात. स्लीपर आणि खोकं यांच्यामध्ये ४ ते ६ इंचांची फट सोडावी लागते, म्हणून आत साधारण ४२ इंचांचा स्लीपर बसतो. व्हीलबेस, शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), ब्रेक कशालाच हात लागत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने हाच मार्ग धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोक्याखालच्या आडव्या पट्ट्या साधारण फूट-फूट अंतरावर असतात. काप पट्टीलगत येईल असा धरा, म्हणजे पुढची भिंत परत बसवताना खाली पूर्ण टेकू मिळतो. भिंतीचे रिव्हेट ड्रिलने काढा आणि भिंत अखंड उतरवा. ती कापून नवी करायला गेलात तर कोपऱ्यांतून पाणी शिरतं आणि पहिल्याच पावसात माल भिजतो.

उरलेल्या २२ फुटांत किती पॅलेट बसतील हे आतल्या रुंदीवर ठरतं. ४८ बाय ४० ची पॅलेट ४८ची बाजू आडवी धरून दोन-दोन लावायची तर आत ९६ इंचांहून थोडी जास्त मोकळी रुंदी हवी. मग २६४ इंचांत सहा ओळी, म्हणजे १२ पॅलेट. भिंतींच्या आतल्या फळ्यांमुळे ती रुंदी ९५ झाली, तर दोनपैकी एका रांगेत ४० ची बाजू आडवी लावावी लागते आणि ११ वर थांबावं लागतं. टेप घेऊन फळीपासून फळीपर्यंत मोजा, जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

तिसरा मार्ग व्हीलबेस वाढवण्याचा. पूर्ण ७२ इंची किंवा त्याहून मोठा स्लीपर आणि लांब खोकं दोन्ही हवं असेल, तर यातून सुटका नाही.

चासी लांबवणे

चासीच्या दोन लांब पट्ट्यांचं, म्हणजे चॅनेलचं, पोलाद कोणतं, हे आधी कंपनीच्या बॉडी बिल्डर पुस्तकातून चासी नंबर घालून काढा. ५०,००० आणि ८०,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला इतके पौंड ताकदीच्या) चॅनेलवर योग्य पद्धतीने वेल्डिंग होतं. १,२०,००० पीएसआयचं चॅनेल उष्णतेने पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने जोडालगतचं पाणी उतरतं आणि तिथली ताकद जाते. तडा जोडावर न पडता त्याच्या शेजारच्या पट्ट्यात पडतो, म्हणून बाहेरून सगळं छान दिसत असतं.

आकड्यांत बघा. १० इंच उंच, ३ इंच फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) आणि पाव इंच जाडीच्या चॅनेलचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, सुमारे १०.७ घनइंच येतो. ५०,००० ने गुणला की वाकण्याला प्रतिकार सुमारे ५,३५,००० इंच-पौंड, १,२०,००० ने गुणला की सुमारे १२,८४,०००. दिसायला दोन्ही चॅनेल सारखीच. म्हणून जुन्या ट्रकचा तुकडा ‘त्याच मापाचा आहे’ म्हणून मध्ये घालायचा नाही.

पाणी दिलेलं चॅनेल असेल तर न कापता मागचा अॅक्सल सस्पेन्शनसकट मागे सरकवा. मागे पुरेसं सरळ चॅनेल शिल्लक असेल तर वेल्डिंगचा प्रश्नच येत नाही. नवी भोकं फक्त उभ्या पट्टीत पाडा, तीही ड्रिलने. गॅसकटरने पाडलेल्या भोकाची कड करपलेली, खरबरीत असते आणि तडा तिथूनच सुरू होतो. फ्लँजला भोक नाही, वेल्डिंग नाही, कोपऱ्यावर खाचही नाही. ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. बोल्ट ग्रेड ८ चे, कडक वॉशरसकट आणि नवे. काढलेले जुने बोल्ट पुन्हा वापरू नका.

कापायचंच असेल तर चासी आधी सपाट फरशीवर स्टँडवर घ्या आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं मोजा. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर ट्रक आयुष्यभर खेकड्यासारखा चालतो. बॅटरी सोडा आणि इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचे प्लग काढा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. कडा उताराच्या घासा, मुळापर्यंत भरा, लो-हायड्रोजन रॉड वापरा आणि भरलेला टाका चॅनेलच्या लांबीच्या दिशेने घासून सपाट करा. मग आत दुसरं सी-चॅनेल घालून उभ्या पट्टीतून बोल्टने आवळा. ते जोडाच्या दोन्ही बाजूंना क्रॉस मेंबरच्या (दोन चॅनेल जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) पलीकडे जाऊ द्या आणि टोकं ४५ अंशांत तिरकी कापा. चौकोनी टोक ठेवलं तर ताण एका रेषेत साचतो आणि मूळ चॅनेल नेमकं तिथे फुटतं.

खोकं परत बसवताना चासी आणि खोक्याच्या लांब पट्ट्यांमध्ये टणक लाकडाची पट्टी असते, ती कुजली असेल तर बदला. यू-बोल्ट आवळण्याआधी चॅनेलच्या पोकळीत ठोकळा घालायचा, नाहीतर फ्लँज आत वाकतो. सायलेन्सरजवळचा ठोकळा लाकडाचा नको, लोखंडाचा घ्या. पुढची पकड स्प्रिंगवाली ठेवा. खड्ड्यात चासी पिळते तेव्हा खोक्याने तिला अडवता कामा नये.

शाफ्ट, ब्रेक, धूर

शाफ्ट नुसता लांब करून चालत नाही. एकाच नळीची लांबी ७० इंचांच्या आसपास गेली की ती वेगात दोरीसारखी फिरायला लागते. मध्ये सेंटर बेअरिंग देऊन शाफ्टचे तुकडे वाढवा. क्रॉसचे, म्हणजे शाफ्टच्या फिरत्या सांध्यांचे, कोन डिजिटल मापकाने मोजा. प्रत्येक कोन अर्ध्या ते तीन अंशांत हवा, आणि शाफ्टच्या दोन टोकांच्या कोनांत एका अंशाहून जास्त फरक नको. शून्य अंशही वाईट, कारण क्रॉसच्या सुया जागच्या जागी बसून खळगे पाडतात. दोन्ही टोकांचे योक (सांधा धरणारे दुफाटे) एका रेषेत आहेत ना तेही बघा. ५५-६० मैलांच्या वेगाला सीटखालून घरघर आली तर बहुतेक वेळा कारण या परिच्छेदातच सापडतं.

ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि वायरिंग लांबवताना मध्ये तुकडे जोडू नका, अखंड नवे घ्या. गाडी सावरणारी ईएससी प्रणाली असेल तर तिच्या संगणकात व्हीलबेसचा नवा आकडा भरून घ्या. जुन्या आकड्यावर ती वळणात चुकीच्या क्षणी ब्रेक लावते.

धुराच्या बाबतीत एकच नियम: डीपीएफ (काजळी गाळणारी जाळी) आणि एससीआर (युरियाने धूर स्वच्छ करणारी) या यंत्रणांना हात लावायचा नाही. त्या काढणं किंवा निकामी करणं क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदा आहे. त्यापुढचा शेवटचा पाइप वळवता येतो. तो स्लीपरच्या खाली संपू देऊ नका. गळती झाली तरी धूर बिछान्यात शिरणार नाही आणि खालच्या आचेने स्लीपरचा तळ तापणार नाही, ही स्लीपरसाठीची कायदेशीर अट आहे. युरियाची टाकी सरकवलीत तर तिची गरम होणारी नळी पूर्ण लांबीचीच घ्या. जोड दिलेला तुकडा थंडीत गोठतो आणि इंजिन ताकद कापतं.

केबिनच्या पाठीला दार

डे-कॅबची मागची भिंत नुसता पत्रा नसतो, केबिनचा ताठपणा तिच्यावर असतो. कापण्याआधी सीटबेल्ट धरणारे बोल्ट कुठे आहेत ते शोधून त्यांच्यापासून दूर राहा. कापल्यावर उघड्या कडेला चौकोनी नळीची चौकट बसवा. स्लीपरसाठी उघड्या पाठीची केबिन त्या मॉडेलमध्ये मिळत असेल, तर भंगारातून तीच आणणं शहाणपणाचं. वाट किमान १८ इंच उंच आणि ३६ इंच रुंद हवी. गोंधळ रुंदीत होतो: भिंतीत ३६ इंच काढलेले असतात, पण दोन सीट मागे सरकवल्या की त्यांतले वीसच उरतात. सीट शेवटच्या खाचेवर ठेवून मोजा.

स्लीपर आणि केबिनमध्ये रबरी भाता बसवतात. स्लीपरच्या मागच्या बाजूला बलून आणि शॉक अॅब्सॉर्बर हवेत, म्हणजे दोन्ही एकत्र वर-खाली होतील. स्लीपर चासीला ताठ बोल्ट केला आणि केबिन रबरावर झुलत राहिली, की सर्व फरक तो भाता सोसतो. वर्षभरात खालच्या दोन कोपऱ्यांत केसासारख्या चिरा दिसतात. आधी रात्री शिट्टीसारखा आवाज येतो, मग गार हवा, मग डिझेलचा वास. भाता बदलून उपयोग नाही, बसवण बदलावी लागते.

आतलं काम

कायद्याचं किमान माप ७५ इंच लांब, २४ इंच रुंद, आणि गादीच्या वर २४ इंच मोकळी उंची. फोमची गादी निदान ४ इंच जाड. यात माणूस मावतो, पण आठवड्याचे सहा दिवस चालत्या ट्रकात झोपणाऱ्याला ८० बाय ४२ इंचांचा बिछाना द्या. ब्रेक लागला तर झोपलेला माणूस पुढे फेकला जाऊ नये म्हणून जाळी किंवा पट्टे सक्तीचे आहेत, आणि ते पुढच्या दिशेच्या एकूण ६,००० पौंड बलाला टिकले पाहिजेत. त्यांचे हुक प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवलेले बरेचदा दिसतात. ते सांगाड्याच्या लोखंडात, मागून पट्टी देऊन बोल्टने बसवा. पडदे, गादीचं कापड, भिंतीचं अस्तर सगळं ज्वलनाच्या ३०२ क्रमांकाच्या मानकाचं घ्या. त्यात आग पसरण्याचा वेग मिनिटाला ४ इंचांहून जास्त चालत नाही.

इंजिन चालू ठेवून एसी लावणं महाग आहे, आणि कॅलिफोर्नियात तर इंजिन पाच मिनिटांहून जास्त रिकामं चालवायला बंदी आहे. बॅटरीवरचा एसी सरासरी ३५ अँपिअर घेतो असं धरलं, तर १० तासांना ३५० अँपिअर-तास लागतात. एजीएम (बंद प्रकारची शिशाची) बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणून ७००ची बँक: शंभराच्या सात बॅटऱ्या, जवळपास पाचशे पौंड, म्हणजे वर धरलेल्या साडेचारशेहूनही जास्त. लिथियम आयर्न फॉस्फेटची ८० टक्के वापरता येते, त्यामुळे ४४० पुरते आणि वजन कितीतरी कमी. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज होऊ देऊ नका, तापवणारी किंवा स्वतःच चार्जिंग थांबवणारीच घ्या. २,००० वॉटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर नुकसान धरून १८५ अँपिअर ओढतो. त्याला २/० जाडीची केबल आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी २५० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज इन्व्हर्टरच्या बाजूला लावला तर मधली केबल कुठे घासली की वाचवायला काहीच नसतं.

थंडीसाठी २ किलोवॉटचा डिझेल हीटर पुरतो. जाळायची हवा बाहेरून घ्या, धूर बाहेर सोडा, आणि उशाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. गॅसची शेगडी नको.

कागद आणि पुन्हा काटा

नव्या, पहिल्या विक्रीआधीच्या ट्रकवर हे काम केलं तर करणाऱ्याला सुरक्षा मानकांच्या पूर्ततेचं स्वतःचं लेबल लावावं लागतं. वापरलेल्या ट्रकवरही मूळ सुरक्षा व्यवस्था निकामी करणं व्यावसायिक वर्कशॉपला निषिद्धच आहे. कामाचे फोटो, बोल्टचा ग्रेड, वेल्डरचं प्रमाणपत्र, जाळीच्या क्षमतेचा कागद एका फाइलमध्ये ट्रकातच ठेवा. विमा कंपनीला बदल आधी कळवा. आणि हे वाचून कुणी पुण्या-नाशकात आपल्या ट्रकवर कटर चालवू नये: भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचा बदल करू देत नाही.

काम संपलं की अलाइनमेंट, हेडलाइटचा कोन, आरशांचे लांब दांडे. मग टाक्या भरून, दोघांनाही बसवून, रिकाम्या खोक्याने पुन्हा काट्यावर जा आणि आलेले आकडे पहिल्या कागदाशी जुळवा. दोनशे-तीनशे पौंडांचा फरक क्षम्य, हजाराचा असेल तर स्लीपरचं वजन तुम्हाला खोटं सांगितलं गेलं आहे. पाचशे मैल चालवून आणा, चासीचा, सस्पेन्शनचा आणि यू-बोल्टचा प्रत्येक नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि नटावरून चॅनेलपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला.